ऑर्लँडोबाईंना वॉर्डात येऊ द्या : नर्सिंगच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या नर्सिंग कॉलेजांमधले सर्व प्राचार्य, प्राध्यापक आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टर

सप्रेम नमस्कार.

मी चौतीस वर्षं नोकरी केली. पहिली बावीस वर्षं वॉर्डात, आधी अधिपरिचारिका आणि मग परिसेविका म्हणून. शेवटची बारा वर्षं पाठ्यनिर्देशिका म्हणून वर्गात. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातला बराचसा दोष माझ्याही पदरात आहे, हे आधीच सांगते.

आमच्या शेजारची एक मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला आहे. परीक्षा जवळ आली की माझ्याकडे अभ्यासाला येते. गेल्या महिन्यात ती आयडा जीन ऑर्लँडो या अमेरिकन नर्सिंगतज्ज्ञ बाईंचा, नर्स आणि रुग्ण यांच्यातल्या नात्याबद्दलचा सिद्धांत पाठ करत होती. प्रोफेशनल नर्सिंगचं कार्य, रुग्णाचं दिसणारं वर्तन, नर्सची तत्काळ प्रतिक्रिया, नर्सिंग प्रोसेसची शिस्त आणि सुधारणा, अशा पाचही संकल्पना तिने एका दमात म्हणून दाखवल्या. एक शब्द चुकला नाही. मी विचारलं, "हे तू कधी पेशंटपाशी करून पाहिलंस का?" ती गोंधळली. म्हणाली, "मॅडम, ते थिअरीत आहे ना."

त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले.

ऑर्लँडोबाईंचं नाव कानावर पडण्याआधी काही वर्षं मी त्यांचा सिद्धांत डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हा मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीला होते. हर्नियाचं ऑपरेशन झालेले एक आजोबा होते, खेड्यातले, अबोल. सकाळी पाठीत भूल देऊन ऑपरेशन झालेलं. रात्री अकराच्या सुमारास त्यांनी मला विचारलं, "बाई, किती वाजले?" मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा हात पोटावर होता. "दुखतंय का?" म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. ऑर्डर लिहिलेली होतीच, मी वेदनाशामक इंजेक्शन देऊन टाकलं. नाडी, रक्तदाब ठीक होतं, चार्टवर नोंद केली. आऊटपुटचा, म्हणजे लघवी किती झाली याचा, रकाना मोकळा दिसला. दिवसपाळीकडून भरायचा राहिला असेल असं मी धरून चालले आणि पुढच्या कॉटकडे वळले.

एकच्या आसपास चौथ्यांदा तोच प्रश्न आला. माझ्यासोबत जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी होती. मी काही तरी तुटक बोलणार तेवढ्यात ती त्यांच्या कॉटपाशी वाकली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही चार वेळा वेळ विचारलीत. मला वाटलं, सकाळी तुमचं कुणी यायचंय आणि तुम्ही वाट बघताय. बरोबर आहे का?"

आजोबा म्हणाले, "कोन येनार हाय पोरी. सकाळ झाली की नळी घालनार म्हनं मला."

त्यांना ऑपरेशननंतर लघवीच झाली नव्हती. शेजारच्या कॉटवरच्या माणसाने त्यांना सांगितलं होतं, सकाळपर्यंत झाली नाही तर नळी घालतात. बाईमाणसाला हे कसं सांगायचं म्हणून ते घड्याळ विचारत होते. मी ओटीपोटावर हात ठेवला तर मूत्राशय फुगून वर आलेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांना कळवलं. पडदा ओढला, वॉर्डबॉय मामांना बोलावून आजोबांना आधार देऊन उभं केलं, बेसिनचा नळ सोडला आणि आम्ही दोघी बाहेर थांबलो. काही मिनिटांत काम झालं. सकाळी सातपर्यंत ते गाढ झोपले होते. उठल्यावर त्यांनी चहा मागितला. वेळ विचारली नाही.

या प्रसंगातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या मुलीचा अंदाज साफ चुकला होता. कुणीही यायचं नव्हतं. माझा अंदाजही चुकलाच होता. पण माझा मी मनात ठेवून त्यावर इंजेक्शन दिलं आणि तिने तिचा आजोबांपुढे ठेवून "बरोबर आहे का?" विचारलं. चुकीचा अंदाज समोर आला म्हणून तर आजोबांना तो खोडता आला, आणि खोडता खोडता खरं काय ते तोंडातून बाहेर पडलं. "काय होतंय?" असं नुसतं विचारलं असतं तर "काय न्हाय बाई" हेच उत्तर आलं असतं. आपल्याकडचा रुग्ण, त्यातून खेड्यातला, त्यातून म्हातारा, सिस्टरला त्रास नको म्हणून "काय न्हाय" म्हणतोच, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पाठ्यनिर्देशिका झाल्यावर ऑर्लँडो शिकवायची वेळ आली, आणि पुस्तकातलं एकेक वाक्य वाचताना मला ती रात्र आठवत गेली.

ऑर्लँडोबाईंचा रस्ता आपल्यापैकी अनेकींच्या ओळखीचा आहे. इटालियन वंशाच्या या बाईंनी १९४७ साली न्यूयॉर्कमध्ये नर्सिंगचा डिप्लोमा घेतला, १९५१ साली पब्लिक हेल्थ नर्सिंगची पदवी आणि १९५४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातून मास्टर्स. आपल्या मुली जीएनएम, पोस्ट बेसिक, एम.एस्सी. करतात तशीच ही चढण. मग त्या येल विद्यापीठात गेल्या. तिथे त्यांच्याकडे एक प्रकल्प आला. मूलभूत नर्सिंगच्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्याची तत्त्वं कशी मिसळावीत, कशामुळे हे साधतं आणि कशामुळे अडतं, हे शोधायचं होतं. त्यासाठी तीन वर्षं ऑर्लँडोबाई परिचारिका आणि रुग्ण यांच्यात घडणाऱ्या प्रसंगांच्या नोंदी घेत राहिल्या. सुमारे दोन हजार प्रसंग. कोण काय बोललं, नर्सने काय पाहिलं, तिच्या मनात काय आलं, तिने काय केलं, पुढे रुग्णाचं काय झालं.

त्या नोंदी कशा लावाव्यात हे त्यांना सुरुवातीला सापडेना. शेवटी त्यांनी त्या दोनच गठ्ठ्यांत वेगळ्या केल्या, चांगलं नर्सिंग आणि वाईट नर्सिंग. मग चांगल्या गठ्ठ्यात असं काय आहे जे वाईटात नाही, याचा शोध घेतला. मला हा माणूस म्हणून फार प्रामाणिक मार्ग वाटतो. वॉर्डात मुरलेल्या कुठल्याही बाईला कुठलं नर्सिंग चांगलं आणि कुठलं वाईट हे बघताक्षणी कळतं. का, ते मात्र सांगता येत नाही. ऑर्लँडोबाईंनी ते 'का' शोधलं. १९६१ साली 'द डायनॅमिक नर्स-पेशंट रिलेशनशिप' हे त्यांचं पुस्तक आलं. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन हॉस्पिटलात त्यांनी परिचारिकांना ही पद्धत शिकवून ती शिकवता येते का आणि तिचा परिणाम होतो का हे तपासलं, आणि १९७२ साली त्यावर दुसरं पुस्तक लिहिलं. २००७ साली त्या गेल्या.

त्यांना सापडलेलं उत्तर साधं आहे. रुग्णाचं जे वर्तन समोर दिसतं, मग ते बोलणं असो, गप्प बसणं असो की चिडचिड, ती मदतीची हाक असू शकते. पण हाकेचा अर्थ वरवर दिसतो तोच असेल असं नाही. ते बघून नर्सच्या आत तीन गोष्टी झटक्यात घडतात. तिला काही जाणवतं, त्यावरून मनात विचार येतो, आणि त्या विचाराने काही भावना उठते. हे क्षणात होतं आणि एकात एक मिसळून जातं. चांगल्या गठ्ठ्यातली नर्स यातलं काही तरी रुग्णासमोर मांडते आणि खरं आहे का ते त्याच्याकडूनच तपासून घेते. नंतरच कृती करते. आणि कृतीनंतर परत बघते, की रुग्णाच्या वागण्यात फरक पडला का. पडला नसेल तर गरज अजून तशीच आहे. वाईट गठ्ठ्यातली नर्स सवयीने, ऑर्डरप्रमाणे, वॉर्डाच्या वेळापत्रकाप्रमाणे कृती करते. कृती चूक असतेच असं नाही. त्या रात्रीचं माझं इंजेक्शन ऑर्डरप्रमाणे अगदी बरोबर होतं. आजोबांना मात्र ते नको होतं.

या चांगल्या कृतीला त्यांनी जो इंग्रजी शब्द वापरला त्याचं भाषांतर आपण वर्गात 'विचारपूर्वक केलेली शुश्रूषा' असं करतो. मीही बारा वर्षं तेच केलं. आता वाटतं की 'विचारून केलेली शुश्रूषा' म्हणायला हवं होतं. विचारपूर्वक काम तर मीही त्या रात्री केलं, एकटीने. त्या मुलीने विचारून केलं. आणि 'शुश्रूषा' हा शब्दच मुळात ऐकण्याच्या इच्छेतून आला आहे. 'श्रु' म्हणजे ऐकणे. आपल्या व्यवसायाच्या नावात ती इच्छा बसलेली आहे.

शिकवताना मला आणखी एक अडचण आली, ती मराठीची आहे आणि तिच्याबद्दल कुठल्याही पाठ्यपुस्तकात लिहिलेलं मला सापडलं नाही. विचार आणि भावना वेगळ्या लिहा असं सांगितलं की आपल्या मुली हमखास अडखळतात. कारण आपण दोन्हीला 'वाटणं' म्हणतो. "मला वाटलं त्यांना भूक लागलीय" हा विचार आहे. "मला वाईट वाटलं" ही भावना आहे. रकान्यात दोन्ही 'वाटलं' म्हणूनच येतात, आणि मुलीला कळत नाही की "पेशंट मुद्दाम त्रास देतोय असं वाटलं" हा तिचा विचार असून त्याखाली तिचा राग आहे. मी शेवटी शेवटी वर्गात 'वाटलं' या शब्दावरच बंदी घातली. तीन प्रश्न दिले. काय दिसलं किंवा ऐकू आलं? मनात काय आलं? आणि त्याने तुला कसं झालं? 'कसं झालं' विचारल्यावर मुली खरं लिहू लागल्या. "धस्स झालं." "कंटाळा आला." "त्यांच्या नातेवाइकांची भीती वाटली." हा खजिना आहे. राग आलेला कळला तर तो बाजूला ठेवून पेशंटपाशी जाता येतं. न कळलेला राग हातातून सुईत उतरतो.

तीच गोष्ट दुखण्याच्या शब्दांची. आपला रुग्ण ठणका म्हणतो, कळ म्हणतो, चमक म्हणतो, मुरडा, भगभग, रग, जीव घाबरा होतोय म्हणतो. केस पेपरवर हे सगळं इंग्रजीत एकाच शब्दात जाऊन बसतं, 'पेन'. नोंदीपुरतं ते चालेल. पण मुलीने स्वतःच्या वहीत रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहावा, मग तो अहिराणी असो, वऱ्हाडी असो की मालवणी. केरळमधून आलेल्या आपल्या कितीतरी भगिनी वर्षानुवर्षं हे करत आल्या. त्यांना भाषा नवी होती म्हणून त्या प्रत्येक शब्द पुन्हा विचारायच्या, "कळ म्हणजे कसं, आजी?" आणि त्यांच्या पेशंटांचं समाधान आमच्यापेक्षा जास्त असायचं. मला तेव्हा त्याचं कोडं पडायचं.

आता मूळ तक्रारीकडे येते. आपण या बाईंना दोन ठिकाणी डांबून ठेवलं आहे. एक, थिअरीच्या पेपरात, पाच गुणांच्या टिपेत. दुसरं, मानसोपचाराच्या पोस्टिंगमधल्या प्रोसेस रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे पेशंटशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहून तपासायच्या नोंदीत. ते प्रोसेस रेकॉर्डिंग कसं लिहिलं जातं हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. आदल्या रात्री होस्टेलवर, वरच्या बॅचच्या फाइलीतून, पेशंटचं वय आणि निदान बदलून. त्यात पेशंट सुरेख उत्तरं देतो आणि नर्सचा अंदाज दर वेळी बरोबर निघतो. मी अशा फाइली तपासून सह्या केल्या आहेत. केअर प्लॅनचं, म्हणजे शुश्रूषेच्या लेखी आराखड्याचंही तेच. मूल्यांकनाच्या रकान्यात 'ध्येय साध्य झाले' असं सकाळी आठलाच लिहिलेलं मी पाहिलं आहे.

मुलींना यावरून काय कळतं? कळतं ते असं, की नातं, संवाद, रुग्णाच्या मनातलं समजून घेणं हे मनोरुग्णांसाठी असतं. हर्नियाच्या, बाळंतपणाच्या, डायलिसिसच्या पेशंटला फक्त प्रोसिजर असते. ऑर्लँडोबाईंचा सगळा खटाटोप नेमका याच्या उलट होता. त्यांना मानसिक आरोग्याचं शहाणपण साध्या वॉर्डात आणायचं होतं. येलमध्ये त्याचा पुरावाही लवकरच मिळाला. ऱ्हेटॉ ड्यूमास आणि रॉबर्ट लेनर्ड यांनी १९६३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रीरोगाच्या ऑपरेशनला जाणाऱ्या बायकांपैकी काहींसोबत नर्स ऑपरेशनआधी थांबली, कशाने जीव घाबरा होतोय ते विचारून, तपासून, तो ताण हलका होईपर्यंत. त्या बायकांना ऑपरेशननंतर उलट्या कमी झाल्या. अभ्यास लहान होता, मान्य. पण उलटी ही डोळ्यांनी दिसणारी, मोजता येणारी गोष्ट आहे. नर्सच्या विचारपुसीचा परिणाम पेशंटच्या पोटापर्यंत पोचतो हे त्यातून दिसलं.

"मॅडम, वेळ कुठे आहे?" हा प्रश्न येणारच, आणि तो खरा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषाप्रमाणे शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सामान्य रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. मी एकटीने चाळीस पेशंटांच्या रात्री काढल्या आहेत. माझ्या या पत्राचा आधार घेऊन "पदं भरायची गरज नाही, परिचारिकांना नीट बोलायला शिकवा" असं कुणी म्हणू लागलं तर मी त्याच्याविरुद्ध पहिली उभी राहीन. पदं भरलीच पाहिजेत. पण आजोबांकडे मी त्या रात्री तीन फेऱ्या मारल्या, वर एक इंजेक्शन भरून दिलं. त्या मुलीचं वाक्य अर्ध्या मिनिटाचं होतं. ज्याच्याकडे वेळ कमी आहे त्याला तर चुकीच्या गरजेमागे धावणं अजिबात परवडत नाही.

या सिद्धांतात त्रुटी आहेत, त्या मी लपवत नाही. बेशुद्ध रुग्ण, तान्हं बाळ, व्हेंटिलेटरवरचा माणूस यांना "बरोबर आहे का?" कसं विचारणार, याला त्यात पुरेसं उत्तर नाही. त्यातलं चित्र एका नर्सचं आणि एका रुग्णाचं आहे. आपल्या कॉटपाशी तिसरं माणूस कायम असतं. आई, नवरा, सासू, गावाकडचा चुलता. रुग्णाला विचारलं की उत्तर ते देतात. पुष्कळदा तेच अंग पुसतात, जेवू घालतात, रात्रभर जमिनीवर चादर टाकून झोपतात. त्यांचीही एक ताबडतोबीची गरज असते आणि कधी कधी ती रुग्णाच्या गरजेच्या आड येते. याची भर आपण घालायची आहे. आपल्या एम.एस्सी.च्या मुलींनी यावर प्रबंध लिहावेत. ज्ञानाची पातळी मोजणारी तीच ती प्रश्नावली पुन्हा कशाला?

माझं मागणं मोठं नाही. प्रोसेस रेकॉर्डिंग मानसोपचाराच्या पोस्टिंगपुरतं ठेवू नका. पहिल्या वर्षी मुलगी मेडिसिनच्या, सर्जरीच्या वॉर्डात पाय ठेवते तेव्हापासून आठवड्याला एक पान लिहू द्या. मराठीत लिहू द्या. रकाने थोडे ठेवा: काय दिसलं, मनात काय आलं, कसं झालं, काय विचारलं, पेशंट काय म्हणाला, नंतर काय बदललं. बरोबर अंदाजाला गुण देऊ नका. एकही अंदाज चुकलेला नाही अशी वही आली तर ती शांतपणे परत करा. आणि बॅचच्या पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः, मुलींसमोर, एका पेशंटपाशी हे करून दाखवा. तुमचा अंदाज चुकू द्या, मुलींना तो चुकलेला दिसू द्या. मी हे बारा वर्षांत एकदाही केलं नाही. वॉर्डातली बाई होते तरी केलं नाही, कारण मुलींसमोर चुकायची लाज वाटत होती.

परीक्षेतही "ऑर्लँडोचा सिद्धांत स्पष्ट करा" याऐवजी एक प्रसंग द्या. चौथ्यांदा वेळ विचारणारा म्हातारा द्या आणि पुढचं वाक्य लिहायला सांगा.

ती शेजारची मुलगी परवा पुन्हा आली होती. सध्या तिचं पोस्टिंग प्रसूती विभागात आहे. वहीतलं एक पान तिने मला दाखवलं. सिझर झालेली एक बाई दोन दिवस धड जेवत नव्हती. मुलीने लिहिलं होतं: मनात आलं, घरचा डबा बंद आहे, इथलं जेवण आवडत नसेल. तसं विचारलं. बाई म्हणाली, डबा रोज येतो. बाळ वर एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या विभागात) आहे, सगळे सांगतात बरं आहे, पण मी अजून पाहिलंच नाही, खरंच आहे का ते तरी कुणी सांगा. मुलीने वॉर्डातल्या सिस्टरना सांगितलं, परवानगी घेतली, तिला व्हीलचेअरवरून वर नेलं. शेवटच्या रकान्यात एकच ओळ होती: दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण खाल्लं.

प्रसूती विभागाच्या पोस्टिंगमध्ये अशा पानाची असाइनमेंट नाही. ते कुठे जमा करू, असं ती मला विचारते आहे. तिला काय सांगू ते कळवा.

आपली,
एक निवृत्त परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका